दहावी झाली, आता पुढे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी.

दहावीचा रिझल्ट लागला की खानापूर तालुक्यात घरोघरी एकच विषय असतो. यंदा तो आमच्या ताईच्या घरात आहे. भाच्याला ६२५ पैकी ४८० मार्क पडलेत. मराठी शाळा, पहिलीपासून गावातच. भावजींचं म्हणणं, सायन्स घ्यायचं आणि बेळगावात खोली करून राहायचं. कोल्हापुरातले चुलते म्हणतात, अकरावीला इकडं पाठवा, भाषा आपली आहे, पोरगं बुजणार नाही. आणि भाचा म्हणतो, मला डिप्लोमा करायचाय, मेकॅनिकल.

या पोराचं सांगतो. मळणीच्या दिवसांत पॉवर टिलर मध्येच बंद पडला. मेस्त्री नंदगडहून यायचा होता. याने डिझेलचा फिल्टर उघडला, कचरा झाडला, पाईपचा नट सैल करून लाईनमधली हवा घालवली आणि फेस थांबून नुसतं डिझेल यायला लागल्यावर नट आवळला. टिलर चालू. कोणी शिकवलं नव्हतं, मेस्त्रीच्या हाताकडे बघून शिकलाय. पण घरात चर्चा चालू असताना त्याला कोपऱ्यात बसवलेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे मार्क बघून शाखा ठरते. पंचाहत्तरच्या वर सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, त्याखाली आर्ट्स नाहीतर आयटीआय. पोराला काय जमतं हे विचारायची पाळीच येत नाही. त्यात आपण सीमेवरचे. दोन राज्यांचे नियम, तीन भाषा, आणि सल्ला देणारे सगळे आपापल्या गावचं सांगणारे. जाणकारांनी सविस्तर लिहा. एकट्या भाच्यासाठी विचारत नाही, पुढच्या वर्षीही कोणीतरी हेच शोधत इथं येईल.

पाटीपेन्सिल:

चांगला विषय काढलात. मी बेळगाव तालुक्यात मराठी शाळेवर शिकवतो, म्हणून शाळेच्या बाजूने लिहितो.

शाखा कुठली हे नंतर बघू. आपल्या भागात आधी ठरवायचं असतं ते राज्य. बारावीनंतरची ॲडमिशन कर्नाटकातून करायची की महाराष्ट्रातून? हे दहावीलाच ठरवलं तर पुढची धावाधाव वाचते, कारण परीक्षा वेगळी, दाखले वेगळे आणि अभ्यासाची पुस्तकंही वेगळी.

कर्नाटकात आपल्या पोरांच्या हातात काय काय असतं ते बघा. इंजिनिअरिंग, शेतकी, फार्मसी वगैरेसाठी केसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, ती घेतं केईए म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण. त्यात बसायला कर्नाटकात किमान सात वर्षं शिकलेलं असलं आणि दहावी किंवा बारावी इथून पास असलं की सर्वसाधारणपणे पात्रता होते. तुमचा भाचा इथलाच, त्यामुळे तो प्रश्न नाही.

आता ग्रामीण कोटा. पहिली ते दहावी, दहाच्या दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढली असतील तर १५ टक्के जागांचा हा कोटा मिळतो. माध्यम मराठी असलं तरी चालतं. कन्नड माध्यमाचा ५ टक्क्यांचा कोटा वेगळा आहे, तो आपल्याला नाही. कितीतरी हुशार पोरांना आईबाप आठवीत शहरातल्या शाळेत घालतात, आणि बारावीला कळतं की ग्रामीण कोटा गेला. ज्यांची पोरं आत्ता सातवीत आहेत त्यांनी हे वाचून ठेवा. ज्या गावांची नगरपंचायत झाली आहे त्यांनी आपली शाळा कशात धरली जाते ते बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला विचारून घ्या.

या कोट्यासाठी स्टडी सर्टिफिकेट, म्हणजे कुठल्या शाळेत किती वर्षं शिकला याचा दाखला, लागतं. मुख्याध्यापक लिहून देतात, पण त्यावर बीईओंची सही हवी. केसीईटीचा फॉर्म भरायच्या दिवसांत बीईओ ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी दहावीचा रिझल्ट लागल्या लागल्या पोरांना सर्टिफिकेट घेऊन ठेवायला लावतो. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) मिळतो, त्यावर आरडी नंबर असतो, तोच पुढे प्रत्येक ऑनलाईन फॉर्मात विचारतात. मराठा समाज इथल्या मागासवर्गांच्या यादीत ३ बी मध्ये येतो, ५ टक्के आरक्षण आहे.

पडलेल्या पोरांच्या आईबापांसाठीही दोन शब्द. एसएसएलसी म्हणजे इथली दहावी आणि सेकंड पीयू म्हणजे बारावी, या दोन्हींना २०२४ पासून वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. पहिलीत एखादा विषय राहिला म्हणजे वर्ष गेलं असं नाही. पास झालेल्यांनाही मार्क वाढवायला पुन्हा बसता येतं. आमच्या गावात परवा एका आईने पोराला गोव्याला हॉटेलात कामाला पाठवायची तयारी केली होती. एका गणितासाठी. कृपा करून असं करू नका.

उद्यमबाग:

वर सरांनी कागदपत्रांचं सांगितलं. मी कामाचं सांगतो. मशीन शॉपला सुपरवायझर आहे, आयटीआय फिटर, नंतर डिप्लोमा.

मलप्रभाकाठ दादा, तुमच्या भाच्याला मेकॅनिकलची आवड आहे तर त्याला तीन वाटा आहेत. या तिन्हीत लोक गल्लत करतात.

आयटीआय. फिटर, टर्नर, मशीनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. वेल्डर एक वर्ष. सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं आहे का ते विचारून घ्या. ते सगळ्या देशात चालतं, कागल-शिरोलीला, पुण्याला कुठेही. ॲप्रेंटिसशिप केली तर किंमत वाढते. कर्नाटकातल्या १५० सरकारी आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुधारल्यात, नवीन मशिनरी आलीय. आपल्या जवळची त्यात आहे का आणि ती मशिनरी चालू आहे का, हे डोळ्यांनी बघून या. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. मी तसाच गेलो.

डिप्लोमा. तीन वर्षं, दहावीच्या मार्कांवर. सरकारी पॉलिटेक्निकची फी फारच कमी. पुढे शिकायचं असेल तर डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा, देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावीपासून मोजलं तर पीयू करून गेलेल्यापेक्षा वर्ष वाया जात नाही: पीयूची दोन आणि बीईची चार मिळून सहा, इकडे तीन आणि तीन सहा.

जीटीटीसी. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. सरकारी टूल रूम, म्हणजे साचे आणि डाय बनवायला शिकवणारी संस्था. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने बंगळूरला सुरू झाली, बेळगावातही सेंटर आहे. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तीन वर्षं शिकून वर एक वर्ष कंपनीत. तिथं पोरगं दिवसाचा बराच वेळ मशीनवर उभं असतं. हाताला काम आवडणाऱ्या पोरासाठी माझ्या मते बेळगावात याच्यासारखी जागा नाही.

आणि कृपा करून ॲडमिशनच्या आधी पोराला एकदा शॉप दाखवा. उद्यमबाग, मच्छे, हत्तरगीचं एरोस्पेस एसईझेड, कोणी ना कोणी गावचा असतोच आत. मी एका मित्राच्या पोराला व्हीएमसीपाशी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनपाशी, उभं केलं होतं. ऑपरेटरने जॉब (घडवलेला भाग) काढला, बोअरचं म्हणजे भोकाचं माप घेतलं, दोन शतांश मिलीमीटर कमी आलं, मशीनमध्ये तेवढी दुरुस्ती टाकली आणि पुढचा जॉब बरोबर आला. पोरगं म्हणालं, काका, एवढ्याशाने काय होतं? ऑपरेटरने दोन्ही जॉबात शाफ्ट घालून दाखवला. एकात गेलाच नाही, दुसऱ्यात सरकन बसला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत हलला नाही. दुसऱ्या एकाला फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नेलं तर त्या उष्णतेने आणि सॅंडच्या धुळीने तासाभरात बाहेर आला. तो आता बी.कॉम. करतोय, छान चाललंय त्याचं. दोघांनाही बघितल्यामुळेच कळलं.

रानवाट:

सगळं पटतं, पण एक बापाच्या बाजूने लिहितो. ७७ टक्के पडलेलं पोरगं डिप्लोमाला घालायचं, आणि शेवटी फाउंड्रीत बारा-बारा तास? आमच्या गल्लीतले डिप्लोमावाले पुण्याला पाच जण एका खोलीत राहतात. पोरगं खड्ड्यात जाऊ नये म्हणून बाप सायन्स म्हणतो. त्याला पोराची आवड कळत नाही असं नव्हे.

उद्यमबाग:

रानवाट दादा, तुमचं खरं आहे. सुरुवातीचा पगार कमीच असतो, आणि नुसता डिप्लोमा घेऊन थांबलेला माणूस दहा वर्षांनीही तिथंच दिसतो. मी हेच म्हणतो की पोरगं पुढे शिकणार असेल आणि हातात काम असेल तर डिप्लोमा घ्या. सीएनसी प्रोग्रॅमिंग, डिझाईन, क्वालिटी या बाजूला सरकता आलं तर पगारही सरकतो. पण सायन्स घेऊन पोरगं पीयूला नापास झालं, किंवा कशीबशी सीट मिळवून इंजिनिअरिंगला चार-चार विषय मागे राहिले, तर तो खड्डा नाही का? आमच्याकडे बीई झालेली पोरं ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज देतात. त्यांच्या आईबापांनी कर्ज काढलेलं असतं.

सेकंडपीयू:

मी बोलू का? मराठी माध्यमातून सायन्सला गेले, आता सेकंड पीयू संपलं. पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी.

पहिले तीन महिने फार कठीण जातात, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. विषय कळत नव्हता असं नाही, आमच्या शाळेत गणित-विज्ञान चांगलं होतं. पण लेक्चर इंग्रजीत, शंका विचारली की उत्तर निम्मं कन्नडात, आणि मागच्या बाकावरच्या इंग्लिश मीडियमच्या मुली आधीच लिहून मोकळ्या. मी दसऱ्यापर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही. मग एका मॅडमनी मला आणि अजून दोघींना संध्याकाळी थांबवून एनसीईआरटीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. रोज दोन पानं, प्रत्येक वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. दिवाळीनंतर गाडी रुळावर आली.

ज्यांना सायन्स घ्यायचंय त्यांनी सुट्टीतच फर्स्ट पीयूचं फिजिक्स आणि केमिस्ट्रीचं पुस्तक आणून वाचायला घ्या. सगळं कळायला हवं असं नाही. नुसतं सवयीचं होऊ द्या.

आणि भाषा-विषयात इंग्रजीबरोबर मराठी घेता येतं, कॉलेजात शिकवायला असेल तर. मी घेतलं. मार्कही चांगले पडले आणि दिवसात एक तास तरी मोकळं वाटायचं. ॲडमिशनच्या वेळी स्पष्ट विचारा, नाहीतर क्लार्क सरसकट दुसरंच काहीतरी टाकतात.

निपाणीकरीण:

शाब्बास गं पोरी.

सगळे सायन्स आणि मशीनवरच बोलताय म्हणून कॉमर्सचं सांगते. माझ्या मुलीने कॉमर्स घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, मार्क असून का? ती आता सीए फाउंडेशनची तयारी करतेय. त्याला दहावीनंतर नोंदणी करता येते, परीक्षा बारावीनंतर. डोनेशन नाही, कोटा नाही, कुठल्या राज्याचे याचा संबंध नाही. वेळ लागतो, नापास होणारे खूप असतात, हे माहीत असून उतरायचं. नाही झालं तरी अकाउंट्स पक्कं झालेली मुलगी घरी बसत नाही.

मुलींच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. आमच्याकडच्या खेड्यातल्या किती मुली केवळ यामुळे निपाणी, चिकोडीला कॉलेजला यायला लागल्या. पण कोल्हापूरच्या गाडीला ती सवलत लागत नाही. रोज जाऊन-येऊन करायचं असेल तर महिन्याचा पास धरून हिशेब करा. आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, स्टॉपपासून घर किती लांब, हे कॉलेज निवडतानाच बघा. गाडी चुकली म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली मी पाहिल्यात.

फीबद्दलही. एका कॉलेजात आम्हाला तोंडी एक फी सांगितली, नंतर कोचिंग, मटेरियल, कसले कसले पैसे निघत गेले. पहिल्याच दिवशी वर्षाचा पूर्ण आकडा कागदावर मागा.

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे आभार. सेकंडपीयूचा प्रतिसाद माझ्या ताईच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला.

चुलत्यांचं कोल्हापूरचं म्हणणं अजून तसंच आहे. तिकडचं कोणी सांगेल का? सीमाभागातल्या पोरांना महाराष्ट्रात सवलत आहे एवढंच ऐकून आहे.

पंचगंगापल्याड:

मी चिकोडी तालुक्यातला, शिक्षण कोल्हापुरात, आता तिथंच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो.

सवलत आहे. महाराष्ट्राने दावा केलेली ८६५ गावं आहेत, तिथल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना इंजिनिअरिंग, डिप्लोमा वगैरेच्या केंद्रीय प्रवेशात 'टाईप ई' म्हणून वेगळी पात्रता आहे. म्हणजे दहावी-बारावी बेळगावात झाली तरी महाराष्ट्राचं डोमिसाईल नाही म्हणून बाहेरचे धरत नाहीत. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: गाव सीमाभागातलं आहे आणि मातृभाषा मराठी आहे. दाखल्यांचे नमुने प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत शेवटी छापलेले असतात, त्याच नमुन्यात लागतात. दुसऱ्या शब्दांत लिहून आणलेला कागद परत येतो. वैद्यकीयला सीमाभागासाठी थोड्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. शिवाजी विद्यापीठानेही सीमाभागातल्या मुलांसाठी सवलती दिल्या आहेत, बी.एस्सी., बी.कॉम.ला येणाऱ्यांनी चौकशी करावी.

जे लोक सांगत नाहीत ते असं. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालेल असं धरून चालू नका. तिकडे ३ बी आणि ग्रामीण कोटा असलेलं पोरगं इकडे बऱ्याचदा खुल्या गटात मोजलं जातं. स्कॉलरशिपचंही तसंच.

दुसरं परीक्षेचं. केसीईटीत इंजिनिअरिंगची रँक काढताना निम्मा भार बारावीच्या पीसीएम मार्कांचा आणि निम्मा सीईटीचा. इकडे एमएचटी-सीईटीत बारावीत ठरावीक किमान मार्क पडले की बास, मेरिट सीईटीचंच. सेकंड पीयूला घोकून चांगले मार्क आणणाऱ्या पोराला केसीईटी बरी. कर्नाटकात पीयूला एनसीईआरटीची पुस्तकं, एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर, त्यात अकरावीचा भार साधारण २० टक्के. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. बेळगावात पीयू करून दोन्ही देणारी पोरं दरवर्षी असतात, पण महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं निदान जानेवारीपासून हातात हवीत.

माझं मत विचाराल तर अकरावीलाच कोल्हापूरला पाठवायची घाई करू नका. पीयू किंवा डिप्लोमा घराजवळ होऊ दे. पदवीला कुठे जायचं ते तेव्हा बघता येईल, तोवर दोन्हीकडचे कागद जमवा. चुलत्यांची माया मी समजू शकतो. पण पंधरा-सोळा वर्षांचं पोर दुसऱ्याच्या घरी ठेवलं की त्याचा अभ्यास होतोच असं नाही.

उद्यमबाग:

अगदी बरोबर. डिप्लोमाला तर कोल्हापूर आणि बेळगाव यात मला काही फरक दिसत नाही. कंपनीत कागद कुठला ते कोणी विचारत नाही, मायक्रोमीटर धरता येतो का ते बघतात.

अनगोळ_नाका:

आर्मीचं कोणीच लिहिलं नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळे आमच्याकडे सकाळी पाच वाजता रस्त्यावर पळणारी पोरं दिसतातच. माझा मुलगाही पळतो, दहावी झालाय.

पाटीपेन्सिल:

पळू दे, चांगलं आहे. पण अग्निवीरला साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. दहावीनंतर दोन वर्षं नुसतं पळण्यात घालवणारी पोरं मला दिसतात, आणि भरती झाली नाही की हातात काहीच नसतं. त्या दोन वर्षांत आयटीआय किंवा पीयू करा. टेक्निकलला आयटीआय-डिप्लोमावाल्यांना जादा मार्कही मिळतात. अग्निवीर चार वर्षांचं आहे, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. उरलेल्यांना बावीस-तेविसाव्या वर्षी पुन्हा काम शोधावं लागतं. त्या वेळी हातात ट्रेड असला की माणूस डगमगत नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलायला आपल्याकडे लोक कचरतात. कन्नड. मी मराठी शाळेतला मास्तर आहे, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून जन्म घालवला. तरी माझ्या पोरांना सांगतो, कन्नड लिहायला-वाचायला शिका. आयटीआयत शिकवणं बहुतेक कन्नडात. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड यावंच लागतं. पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलावर, बँकेत, पोलिसात, जिथं आपल्या माणसांची अडवणूक होते तिथं आपलाच पोरगा बसलेला असेल तर गावाचं किती भलं होईल! मराठी कमी होत नाही त्याने. आमचे किती माजी विद्यार्थी सरकारी नोकरीत आहेत आणि गावच्या वाचनालयाचं कामही बघतात.

मलप्रभाकाठ:

काल भाच्याला घेऊन बेळगावला गेलो होतो. भावजीही आले. आधी सरकारी पॉलिटेक्निक, मग जीटीटीसी बघितलं, दुपारी उद्यमबाग दादांनी त्यांच्या ओळखीच्या एका शॉपमध्ये उभं केलं. भावजी गप्पच होते, पण परतताना बसमध्ये त्यांनी पोराला विचारलं, "हे चार वर्षं करशील का रे, मधनं सोडणार नाहीस ना?" पहिल्यांदाच त्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, जीटीटीसी पहिलं, नाही मिळालं तर डिप्लोमा. ताईची अट एवढीच की पुढे डीसीईटी द्यायची. फॉर्म दोन्हीकडे भरतोय.

आता एक अडचण. मार्क्सकार्डावर आडनाव एका तऱ्हेने आहे आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, कन्नडावरून इंग्रजीत करताना अक्षर बदललंय. वडिलांच्या नावातही तसंच. फॉर्म भरताना अडेल का?

पाटीपेन्सिल:

अडेल. आपल्या भागात निम्म्या पोरांचं हेच असतं. मार्क्सकार्ड बदलायचं तर मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जावं लागतं, वेळ खातं. मार्क्सकार्डावरचं नाव बरोबर असेल तर तेच पक्कं धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधार झालं की मग नाडकचेरीत जातीच्या दाखल्याला अर्ज द्या, आधी नको, नाहीतर दाखल्यावर जुनंच नाव येईल आणि पुन्हा फेरी पडेल. बँकेचं खातं पोराच्या नावावर आणि आधारला जोडलेलं असू दे, स्कॉलरशिप त्यातच येते. मूळ टीसी कुठेही देण्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा. आणि स्टडी सर्टिफिकेटसाठी या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटा. बदल्यांचे दिवस आहेत, सही करणारा माणूस जागेवर असेपर्यंत काम उरकून घ्या.